पिवळा बिल्ला

डेअरी विकली गेल्याचं गोठ्यातल्या माणसांना कळलं ते फाटकावरची पाटी बदलली तेव्हा. जनावरं तीच होती, शेणही तेच होतं, आणि पहाटे साडेतीनला उठून हात थंड पाण्यात घालणंही चुकलेलं नव्हतं. फक्त पाटीवरची अक्षरं कुणाला वाचता येईनात. आठ दिवसांनी दूधखोलीच्या दारावर एक कागद लागला, तोही त्याच अक्षरांतला. तो वाचून दाखवायला मॅनेजरने एक मास्तरीण आणली. ही मास्तरीण म्हणजे विण्याच्या गोठ्यातल्या सुईणीची लेक.

सुईण हे काही तिचं नाव नव्हे. बावीस वर्षं ती गाभण गायींचा गोठा सांभाळत होती. आडवी आलेली वासरं कोपरापर्यंत हात घालून तिने सरळ केली होती, म्हणून लोक तिला सुईण म्हणायचे. नवराही म्हणायचा. तो चारा कापायच्या यंत्रावर होता आणि दिवसभर त्या घरघरीत उभं राहून घरीही ओरडूनच बोलायचा. दोघांचा मिळून या डेअरीत जन्म गेला होता म्हणायला हरकत नाही.

मास्तरणीने कागद वाचला. नवे मालक, नवा मॅनेजर, जनावरांचा नवा डॉक्टर, कुणालाही इथली भाषा येत नाही. जनावराचं दुखलंखुपलं वायरलेसवरून ऑफिसच्या भाषेतच कळवायचं. दोन महिने रोज दुपारी वर्ग भरेल. मग तोंडी परीक्षा. जे पास होतील ते जनावरांपाशी राहतील.

"आणि नापास होतील ते?" सुईणीने विचारलं.

"कुणाला काढणार नाहीत, आई. धुलाईवर पाठवतील."

"मग काढलंच की."

धुलाई म्हणजे गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून दिवसभर पाइपने अंगण धुवायचं, गटारात शेण लोटायचं. धुलाईवाल्याने जनावराला हात लावायचा नाही, रोग पसरतो म्हणे. बाकीच्यांना जाग्यावरून हलायचं दुःख होतं. सुईणीला हात लावायला मिळणार नाही याचं होतं. त्या दिवशी ती घरी आली आणि पाटी-पेन्सिल शोधायला लागली. घरात पाटी कुठली! लेकीची जुनी वही मिळाली, तिच्या मागच्या बाजूला कोरी पानं होती.

"झालं," नवरा ओरडला, "आता माझी बायको शाळेत जाणार. डबा मी देऊ का?"

"दे की. तेवढंच तुला काम."

ती खरंच खुशीत होती. लेक शिकवणार आणि आपण शिकणार, या कल्पनेचंच तिला हसू येत होतं.

वर्ग भरायचा पेंडीच्या गोदामात. बारा माणसं पोत्यांवर बसायची. धुळीने नाक भरून जायचं आणि सकाळची धार काढून आलेल्या माणसांच्या पापण्या आपोआप मिटायच्या. मास्तरणीने पहिल्याच दिवशी टेबलावर एक पिवळा बिल्ला ठेवला. गायीच्या कानात ठोकतात तो, रबरी, जुना, नंबर पुसलेला. त्याला तिने सुतळी ओवली होती.

"या खोलीत आपली भाषा बंद," ती म्हणाली. "जो बोलेल त्याच्या गळ्यात हा. दुसरा कुणी बोलेपर्यंत गळ्यात राहील. तास संपताना ज्याच्याकडे असेल त्याने दुसऱ्या दिवशी मोठा हौद घासायचा."

लोक हसले. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच गंमत वाटत होती. बिल्ला या गळ्यातून त्या गळ्यात फिरायचा, कुणीतरी मुद्दाम शेजाऱ्याला चिमटा काढून 'आई गं' म्हणायला लावायचं. धार काढणारा एक पोरगेला गडी होता. त्याला सगळे टेप म्हणायचे, कारण कानावर पडलेलं तो जसंच्या तसं ओकून टाकायचा. अर्थ कळायची त्याला गरज नव्हती. त्याच्या गळ्यात बिल्ला एकदाही पडला नाही. सुईणीच्या गळ्यात दोनदा पडला आणि दोन्ही वेळा तिने तो तास संपायच्या आत दुसऱ्यावर ढकलला.

गंमत हळूहळू विटली. मॅनेजरने मास्तरणीला बोलावून सांगितलं होतं की बारांतले निदान आठ पास व्हायला हवेत, नाहीतर तुमचाही उपयोग काय. तेव्हापासून ती टेबलावर पेन्सिल आपटायला लागली. प्रश्न विचारायची, भुवया वर करायची आणि उत्तर येईपर्यंत पेन्सिल टक टक टक. त्या टकटकीत येत असलेलंही विसरायला व्हायचं. आणि आईला तर ती सगळ्यांत जास्त आपटायची. लोक म्हणायला नकोत, लेक आईला पास करतेय. वर्गात ती आईला आई म्हणत नसे, 'तुम्ही' म्हणत असे. एक वाक्य तिने आईकडून चाळीस वेळा तरी घोकून घेतलं असेल: 'मला समजलं नाही, कृपया पुन्हा सांगा.' डॉक्टरने काही विचारलं आणि कळलं नाही तर हे तरी म्हणता यावं, म्हणून.

"घरी तरी शिकव मला हळूहळू," सुईण म्हणायची. "तिथं सगळ्यांसमोर माझं पाणी पाणी होतं."

"घरी लाड होतात आई, शिकणं होत नाही. मी कशी शिकले?"

कशी शिकली हे सुईणीला माहीत नव्हतं. दहाव्या वर्षी पोरीला शहरात मावशीकडे पाठवलं होतं, ती सुट्टीला यायची तेव्हा त्या भाषेत फडाफडा बोलून दाखवायची आणि आईबाप कौतुकाने बघत राहायचे, एवढंच ठाऊक होतं.

विण्याच्या गोठ्यात त्या दिवसांत ठकी होती. कागदावर ती दोनशे चौदा नंबर, सुईणीसाठी ठकी. पहिलारू, म्हणजे पहिल्याच वेताची, बुजरी, बादली वाजली तरी अंगावर काटा येणारी. सुईण तिच्याजवळ बसायची, पाठीवरून हात फिरवायची आणि बोलत राहायची. सगळ्याच गायींशी ती बोलायची, तिची कामाची पद्धतच ती. हात लावायच्या आधी आवाज जायला हवा म्हणायची. आता एवीतेवी बोलायचंच आहे तर ती ऑफिसच्या भाषेत बोलायला लागली. आधी नुसते शब्द. पाणी. चारा. पाय. शेपूट. मग जोडून जोडून वाक्यं. चुकलं तर ठकी भुवया वर करत नव्हती. ती रवंथ करायची आणि एक कान इकडे वळवायची. वर्गात ऐकलेलं, मॅनेजर फोनवर बोलतो ते, डॉक्टर वायरलेसवर ओरडतो ते, असं कुठून कुठून जमा झालेलं सुईणीच्या तोंडून निघायचं आणि तिचं तिलाच नवल वाटायचं.

एकदा नवरा चाऱ्याची गाडी घेऊन आला आणि दारात थबकला.

"हिला पण परीक्षेला बसवणार का काय?" तो ओरडला. "गाय पास होईल आणि तू राहशील!"

"हळू बोल. बुजते ती."

आणि मग तो दिवस आला. तसं पाहिलं तर काहीच झालं नाही त्या दिवशी. पेंडीची नवी पोती उतरवली होती आणि गोदामात धुळीचा लोट होता. मास्तरीण फळ्याकडे तोंड करून लिहीत होती, तिला ठसका लागला. लहानपणापासून तिला असा ठसका लागायचा. लागला की डोळे बाहेर येईपर्यंत थांबायचा नाही. ती टेबलाला धरून वाकली. चेहरा लाल झाला.

"अगं पाणी पी आधी! पाठ ताठ कर, वर बघ, वर बघ!" सुईण पोत्यावरून उठून तिच्याकडे धावली. तिने पाठ चोळली, तांब्या तोंडाला लावला. "पी. हळू."

ठसका थांबला. मास्तरणीने डोळे पुसले. मग मागून टेप ऑफिसच्या भाषेत, अगदी मास्तरणीच्या आवाजात तिचं रोजचं वाक्य म्हणाला, "या खोलीत आपली भाषा बंद."

सगळे हसले. मास्तरणीने आईकडे पाहिलं. हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्याच सकाळी ऑफिसात मॅनेजरने तिला विचारलं होतं की तुमची आई किती गुण मिळवते, आणि कसा हसला होता तो. तिने टेबलावरचा बिल्ला उचलला आणि आईच्या गळ्यात घातला. सुतळी डोक्याला बांधलेल्या फडक्यात अडकली, ती तिने ओढून नीट केली. आई मान खाली घालून उभी राहिली, म्हणजे मुलीला सोपं जावं.

तास संपेपर्यंत दुसरं कुणी बोललं नाही. सगळे हुशार झाले होते.

सुईण बिल्ला घालूनच घरी गेली. वाटेत दुधाच्या टँकरवाल्याने हॉर्न वाजवून विचारलं, "काय सुईणबाई, कितवा नंबर तुमचा?" ती चालत राहिली. घरी येऊन तिने चूल पेटवली, भाजी चिरली, सगळं गळ्यात बिल्ला ठेवून.

"काढ ते आधी," नवरा म्हणाला. या वेळी ओरडला नाही.

"मी कोण काढणार? दुसरं कुणी बोलेपर्यंत ठेवायचा असतो."

"आई, नाटक नको," लेक म्हणाली. "नियम सगळ्यांना सारखा. माझ्या गळ्यात तर सहा महिने होता. लाकडी. मेले का मी?"

सुईणीचा विळीवरचा हात थांबला. "कुठे?"

"मावशीकडे. शाळेत. रोज. अंथरूण ओलं करायचे मी, मावशीने सांगितलं नाही तुला?" ती हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही. "पण आली की नाही भाषा? आज त्याच भाषेवर घरात ताठ मानेने बसलेय."

"आम्हाला सांगायचं होतंस."

"सांगून काय झालं असतं?"

काही झालं नसतं. तिने पोरीला पुन्हा तिथेच पाठवलं असतं, हुशार हो म्हणून. सुईणीने बिल्ला काढून फळीवर ठेवला आणि ताटं वाढली. तिला स्वतःच्या अपमानापेक्षा त्या ओल्या अंथरुणाचं फार वाईट वाटत होतं, आणि त्याचा राग मात्र लेकीवरच येत होता. दुसऱ्या दिवशी तिने हौद घासला. शेवाळाने हात हिरवे झाले.

त्यानंतर वर्गात तिचा आवाज फुटेना. शब्द तोंडापर्यंत यायचे, पेन्सिल टक करायची आणि ते परत फिरायचे. बावीस वर्षं ज्या हातांनी मरती वासरं ओढून काढली ते हात पोत्याची शिवण कुरतडत बसायचे. मास्तरीण म्हणायची, "तुम्ही प्रयत्नच करत नाही." घरी म्हणायची, "आई, तू माझ्यावर सूड उगवतेस का?"

"नाही गं. येत नाही मला."

परीक्षेच्या आदल्या सकाळी ठकी व्याली. सोपं गेलं. पाय आधी दिसले, मग नाक, मग सगळं वासरू एकदम गवतावर. पहिले चार दिवस चीक हाताने काढायचा असतो, यंत्र लावायचं नसतं. सुईण बादली घेऊन बसली. ठकीची कास दगडासारखी घट्ट झाली होती आणि ती पाय आपटत होती. सुईणीने डोकं तिच्या कुशीला टेकलं आणि बोलायला लागली. ऑफिसच्या भाषेत. दुखतंय, मला माहीत आहे. पहिल्यांदा सगळ्यांनाच दुखतं. वासरामागची वार पडली नाही अजून, दुपारपर्यंत पडेल, नाही पडली तर डॉक्टरला सांगू आपण. ताप नाही तुला. वासरू चांगलं आहे, मादी आहे, उभी राहिली बघ. तू भिऊ नको.

पान्हा उतरला. चारी सडांतून पिवळ्याधमक धारा बादलीत वाजायला लागल्या.

मास्तरीण दाराबाहेर उभी होती. आईला उद्याचे प्रश्न एकदा विचारून बघावेत म्हणून आली होती. तिने सगळं ऐकलं. तिने न शिकवलेलं त्यात कितीतरी होतं. सूरसुद्धा बरोबर होता, जिथे जोर द्यायचा तिथेच दिला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका आनंद तिला स्वतः पास झाल्यावरही झाला नव्हता.

"आई!" ती धावतच आत आली. "हेच! हेच उद्या बोल! अगं तुला येतंय!"

ठकी उसळली. बादलीला लाथ बसली, चीक गवतात सांडला. सुईण हात पुसत उभी राहिली. तिने पुन्हा कासेला हात घातला, सड ओढून पाहिला. थेंब नाही.

"पान्हा चोरला तिने," ती म्हणाली. आपल्या भाषेत.

"बोल ना पुन्हा. मघाशी बोलत होतीस तसं. माझ्याशी बोल."

सुईणीने तोंड उघडलं. लेक अधीर होऊन भुवया वर करून उभी होती. सुईणीने तोंड मिटलं.

"आता नाही द्यायची ती," ती म्हणाली. "जा तू. वासराला लावून बघते."

परीक्षा ऑफिसात होती. गुळगुळीत फरशी, त्यावर सगळ्यांनी बूट बाहेर काढून यायचं. सुईणीच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते तिने दुसऱ्या पायाखाली दाबून धरलं. टेबलामागे मॅनेजर, डॉक्टर आणि कडेला नोंद ठेवायला मास्तरीण. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. त्याने हसून विचारलं, गाय विणार हे तुम्हाला कशावरून कळतं?

या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिचे हात हवेत उठले. शेपटीच्या मुळाशी पडणारा खळगा हातांनी दाखवला, कास भरते ते दाखवलं. डॉक्टर मान हलवत होता, बोला, बोला. तिने लेकीकडे पाहिलं. लेकीच्या भुवया आपोआप वर गेल्या होत्या. हातातली पेन्सिल टेबलावर वाजत होती. टक टक टक. तिला स्वतःला ते कळतही नव्हतं.

सुईणीचे हात खाली आले.

त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले. मग वाट पाहिली. 'मला समजलं नाही' एवढं म्हणाली असती तरी डॉक्टरने चार गुण दिले असते. पण तिला समजलं होतं, हीच तर अडचण होती. शब्द न् शब्द समजला होता.

"साहेब, तिला येतं," मास्तरीण त्यांच्या भाषेत म्हणाली. "मी ऐकलंय. काल ती गायीशी बोलत होती. सगळं बरोबर बोलत होती."

"मग गायीला घेऊन यायचं होतं," मॅनेजर म्हणाला. "ती सांगेल गुण किती द्यायचे ते."

डॉक्टर हसला. दारातला शिपाई हसला. विनोद सुईणीला कळला, म्हणून तीही जराशी हसली. आपल्या आईला हसताना पाहून मास्तरणीने कागदावर मान घातली आणि तिच्या नावापुढे रेघ ओढली.

बारांतले नऊ पास झाले. मॅनेजरने मास्तरणीचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, पुढच्या हंगामात दुसऱ्या डेअरीवरही वर्ग घ्यायला सांगितलं. विण्याच्या गोठ्यात टेप गेला. पहिल्याच दिवशी त्याने वायरलेसवरून 'सर्व ठीक आहे' असं इतकं झकास सांगितलं की ऑफिसात वाहवा झाली. ठकीची कास सुजली होती का, हे त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्याने पाहिलंही नव्हतं. अंगण धुताना सुईण गोठ्याच्या जाळीपाशी यायची तेव्हा ठकी मान वळवून हंबरायची. सुईण पाइप दुसरीकडे वळवायची. पाण्याचा आवाज मोठा असतो, त्यात बाकीचं ऐकू येत नाही, हे एक बरं होतं.

घरी ती बोलायची कमी झाली. हूं म्हणायची, मान हलवायची. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिघं जेवायला बसली. सुईणीच्या पायांना बुटांनी फोड आले होते, ती पाय लांब करून बसली होती. लेकीला घास गिळेना.

"आई," ती म्हणाली, "माझं चुकलं. ते बिल्ल्याचं. सगळंच. मला दुसऱ्या कुठल्या रीतीने शिकवता येतच नाही गं. मला कुणी तसं शिकवलंच नाही."

सुईण जेवत राहिली.

"मी मॅनेजरला पुन्हा विचारते. फेरपरीक्षा घ्यायला लावते. मी नसेन खोलीत. चालेल?"

आणि बोलता बोलता तिला ठसका लागला. घास घशात अडकला. ती वाकली, चेहरा लाल झाला, डोळे बाहेर आले. नवऱ्याने घाबरून बायकोकडे पाहिलं. सुईणीचा हात तांब्याकडे गेला. तिने तांब्या उचलला आणि लेकीपुढे सरकवला. तोंडातून शब्द काढला नाही. पाठ चोळली नाही. लेकीने एकटीने पाणी प्यायलं, एकटीने पाठ ताठ केली, एकटीने वर बघितलं.

ठसका थांबल्यावर तिने तांब्या खाली ठेवला.

"बोल ना काहीतरी," लेक रडत म्हणाली. "शिव्या दे. पण बोल माझ्याशी."

सुईणीने ताटावरून नजर उचलली. लेकीच्या डोळ्यांत पाहत, न अडखळता, ऑफिसच्या भाषेत ती एक वाक्य म्हणाली आणि पुन्हा जेवायला लागली.

"काय म्हणाली ती?" नवऱ्याने विचारलं. त्याला ती भाषा येत नव्हती.

लेकीने तोंडावर हात धरला होता. तिने तो काढला.

"मला समजलं नाही, कृपया पुन्हा सांगा, म्हणाली."

"मग? बरोबर बोलली का?"

"बरोबर," मास्तरीण म्हणाली. "एकही चूक नाही."